कुत्रं का उठलं?

बहारीनमधल्या एका संगीत महोत्सवात मी टेपरेकॉर्डर मांडीवर ठेवून इतक्या मोठ्याने दाद दिली, की त्या कॅसेटवर आता गाणाऱ्यापेक्षा मीच जास्त आहे.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर हा माणूस पुढे केव्हातरी शहाणपणाने वागेल अशा आशेवर तुम्ही वाचत राहाल, आणि ते पाप माझ्या माथी नको.

कॅसेट माझी नव्हती, गाण्याची हौसही माझी नव्हती. दोन्ही आबांची. आबा आमच्या कंपनीचे हेड स्टोअरकीपर. मूळचे कागलच्या बाजूचे, कोल्हापुरात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेले. ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. हमद टाउनची घरं तेव्हा वाळूतून नुकती डोकं वर काढत होती आणि त्यातल्या बऱ्याच घरांच्या नळांचं काम आमच्याकडे होतं. मी हिशेब खात्यात, मुंबईहून नवाच आलेला. मनामात कंपनीने दिलेल्या घरात आम्ही सात-आठ मराठी माणसं मेस करून राहायचो, आणि आबा त्या घरातले सर्वांत जुने.

स्टोअरमधून एखादी वस्तू काढणं म्हणजे आबांच्या मुलीला मागणी घालण्यासारखं होतं. इंजिनिअर यायचा आणि व्हॉल्व्ह मागायचा.

"कशाला?" आबा विचारायचे.

"बसवायला."

"कुठं?"

"बाथरूममध्ये, आबा."

"कुणाच्या?"

इथे बहुतेक इंजिनिअर टेकीला यायचे. घर अजून कुणाला मिळालेलंच नाही, तर बाथरूम कुणाचं सांगणार? मग आबा चष्मा वर करून म्हणायचे, "मालक ठरंना आणि निघाला नळ बसवायला." आणि व्हॉल्व्ह द्यायचे. किंवा "मफी" म्हणायचे. 'नाही' या अर्थाचा हा अरबी शब्द आबांचा इतका लाडका, की स्टोअरच्या बाहेरही तो सर्रास चालायचा. आमटीत मीठ मफी. शुक्रवारी अंघोळीला पाणी मफी. मुंबईकराला अक्कल मफी. मुंबईकर म्हणजे मी.

आबांचा एक नियम होता. गाणं, सिनेमा, समुद्र, काहीही असो, एकट्याने जायचं. आम्ही चौघं टॅक्सी करून सिनेमाला निघालो तर आबा त्याच टॅक्सीत बसायचे, पण थिएटरच्या दारात आमच्यापासून फारकत घ्यायचे. स्वतःचं तिकीट वेगळं काढून लांबच्या रांगेत बसायचे. मध्यंतरात समोरासमोर आलो तर ओळख दाखवायचे, पण बेताची, लग्नात दूरच्या पाहुण्याला दाखवतात तेवढीच. सिनेमा संपला की पुन्हा आमच्या टॅक्सीत.

मी एकदा कारण विचारलं.

"सोबत असली की माणूस पडद्याकडं बघतच न्हाई, मर्दा. सोबत्याच्या तोंडाकडं बघतो. ह्याला आवडलं का, ह्याला आवडलं का! गाणं लगीन केल्यागत ऐकायचं न्हाई. मेल्यागत ऐकायचं. एकट्यानं."

शुक्रवारी सकाळी ते छोटा रेडिओ घेऊन अरादला जायचे आणि किल्ल्याच्या भिंतीच्या सावलीत बसायचे. हे तिथे करतात तरी काय, म्हणून मी एकदा मागोमाग गेलो आणि "काय आबा!" म्हणून समोर उभा राहिलो. आबांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "कोण आपण?"

तर गाणं. आबांचं गाणं म्हणजे लावणी नव्हे, भजन नव्हे, सिनेमातलंही नव्हे. कंट्री म्युझिक. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचं, ट्रकवाल्यांचं, बायको सोडून गेलेल्या माणसांचं गाणं. कागलच्या माणसाला हे व्यसन लागलं ते एका वॉशरमुळे. जुफैरच्या नाविक तळावरचा एक अमेरिकन आमच्या शेजारच्या घरात राहायचा. त्याचा नळ गळायला लागला, तो आबांकडे आला, आणि आबांनी आयुष्यात पहिल्यांदा 'कशाला?' न विचारता एक वस्तू देऊन टाकली. त्या माणसाने मायदेशी परत जाताना बुटांचा एक खोका भरून कॅसेटी आबांच्या हातात ठेवल्या.

बहारीनच्या उन्हाळ्यात कॅसेट पापडासारखी वाकते. म्हणून आबा त्या फ्रिजमध्ये ठेवायचे. आमच्या फ्रिजचं दार उघडलं की दूध, कोथिंबीर, कालची आमटी आणि मग हॅट घातलेले आठ-दहा गोरे लोक ओळीने दिसायचे.

आबा नुसतं गाणं ऐकून थांबत नसत. गाण्यातली माणसं ही त्यांच्या तालुक्यातली माणसं होती. शुक्रवारी दुपारी मटणाला पळी लावता लावता ते एकदम म्हणायचे, "त्या ट्रकवाल्याचं काय खरं न्हाई आता. बायकोनं कुलूप बदललं."

"कोण ट्रकवाला, आबा?" रत्नागिरीचा आमचा ड्रायव्हर काळजीने विचारायचा. त्याला वाटायचं कंपनीतलाच कुणीतरी.

"टेक्सासचा."

"हां हां." आणि तो हळहळत रस्सा ओढायचा. काही महिन्यांनी आम्हीही विचारायला लागलो, की आबा, त्या घोडा विकलेल्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं? आणि आबा सांगायचे. घोडा परत आला म्हणून आम्ही एकदा शिरा केल्याचं मला पक्कं आठवतं.

पण एक गाणं अर्धंच होतं. ते कुंपणाचं गाणं. गाणारा फारसा नावाजलेला नव्हता, जाड आवाजाचा कुणी म्हातारा. गाण्यात दोन भाऊ, शेजारी शेजारी रानं, मध्ये कुंपण. थोरला एका दिवशी रागाच्या भरात कुंपण हातभर पुढे सरकवतो. धाकटा भांडत नाही. स्वतःची हॅट काढून कुंपणाच्या खांबावर ठेवतो आणि निघून जातो. वर्षं जातात. थोरला दरवर्षी कुंपण रंगवतो, पण त्या हॅटला हात लावत नाही. हॅटमध्ये पाखरं घरटं करतात. मग एका संध्याकाळी थोरला ओसरीवर बसलेला असताना रस्त्यावर धूळ दिसते. पायाशी झोपलेलं कुत्रं उठतं.

आणि घर्रर्र.

इथे कॅसेट मशीनमध्ये गुंतली होती. आबांनी पेन्सिल घालून, फुंकर मारून, नखाएवढी चिकटपट्टी लावून बाकीची कॅसेट वाचवली. पण शेवटचं कडवं गेलं ते गेलंच. कुत्रं उठलं, आणि का उठलं ते कळायची सोय राहिली नाही.

मेसमध्ये या कुत्र्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी पगारावर झाली नसेल. ड्रायव्हर म्हणायचा, "भूक लागली असेल हो त्याला." मी म्हणालो, "कुत्री अशीच उठतात, आबा. अंग झाडतात आणि परत बसतात."

आबा उखडले. "गाण्यातलं कुत्रं उगाच उठत न्हाई!"

त्यांच्या उखडण्याचं कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आबांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं बोलणं बंद होतं. बांधावरूनच. बांध कुणी सरकवला हे आबा कधी सांगत नसत, त्यावरून तो कुणी सरकवला हे आम्ही ओळखलं होतं. सुट्टीवर गेले तरी भावाच्या घराला वळसा घालून जायचे. "माझा काय संबंध?" असंही वर म्हणायचे. "मला त्या अमेरिकेतल्या दोघांची काळजी."

त्या वर्षीच्या थंडीत दोन गोष्टी एकदम झाल्या. तेल कंपनीच्या वसाहतीतले गोरे लोक दर हिवाळ्यात वाळवंटाच्या कडेला एका मैदानात कंट्री म्युझिकचा दिवसभराचा महोत्सव करायचे. आबा दरवर्षी जायचे, अर्थात एकटे. त्या वर्षीच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरात त्या जाड आवाजाच्या म्हाताऱ्याचं नाव होतं. आखातातल्या कुठल्याशा तळांवर त्याचे कार्यक्रम होते, जाता जाता एक दिवस बहारीन. आबा आठवडाभर स्टोअरमध्ये कुणालाही 'कशाला?' विचारत नव्हते. लोक वाटेल ते घेऊन जात होते.

दुसरी गोष्ट, आबांनी पाण्याचा एक पंप एकट्यानेच उचलला. इथेही सोबत नको. हर्नियाने डोकं वर काढलं, डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं, आणि ऑपरेशनची तारीख महोत्सवाच्या आदल्या दिवसावर आली. त्यातून वयही झालेलं. बरं वाटलं की व्हिसा कॅन्सल करून कायमचं गावी जायचं, असं कंपनीचं आणि आबांचं ठरलं. म्हणजे तो म्हातारा गाणारा पुन्हा भेटणं नाही, आणि गावी जाऊन भावाच्या घराला वळसा घालायचा की दार वाजवायचं, हा प्रश्न आता सुट्टीपुरता राहिलेला नव्हता.

हॉस्पिटलात जायच्या आधी आबांनी मला बोलावलं.

"तू नको व्हतास मला," ते म्हणाले. "पर बाकी सगळ्यांची शिफ्ट हाय."

"मी जातो, आबा. आनंदाने."

"आनंदानं नको. एकट्यानं जा. पुढं बस. माझा टेप ने, त्याचं लाल आणि काळं बटण एकदम दाब. ते कुंपणाचं गाणं म्हण म्हणावं त्याला, आणि शेवटचं कडवं घेऊन ये. बाकी काही करू नकोस."

"बाकी काय करणार मी?"

हे मी मनापासून म्हणालो. कारण दाद देणं हे 'काही करणं' आहे असं आमच्या घराण्यात कुणी मानलेलं नाही.

आमच्या घराण्याबद्दल सांगायला हवं. ते गाण्याचं घराणं नाही, दाद देण्याचं आहे. आजोबा, वडील, काका, कुणालाही एक सूर धड लावता आला नाही. पण गिरगावातल्या बैठकीत पहिल्या रांगेत आमची जागा ठरलेली. गवई समेवर आला की काकांचा हात असा काही वर उठायचा, की मागच्यांना गवई दिसायचा बंद व्हायचा. "श्रोता गप्प बसला की गाणं कुजतं," असं वडील म्हणायचे. मी हे मेसमध्ये व्याख्यान देऊन सांगितलं होतं. आबांनी शांतपणे ऐकून घेऊन विचारलं होतं, "मग तुमच्याकडं गवई तरी कशाला लागतो?"

शुक्रवारी सकाळी मी सफारी सूट घातला आणि मनामाच्या बाजारात खास या दिवसासाठी घेतलेली रुंद काठाची हॅट डोक्यावर ठेवली. रेक्झिनच्या पिशवीत टेपरेकॉर्डर, जादा सेल, दोन कोऱ्या कॅसेटी आणि पोळीभाजीचा डबा. बसने वसाहतीच्या अलीकडच्या नाक्यापर्यंत नेलं आणि तिथून पुढे नुसती वाळू. एका बहारीनी म्हाताऱ्याने पिकअप थांबवली. "वेन?" कुठे, म्हणून विचारलं. मी जाहिरातीचा कागद दाखवला. त्याने कागदावरच्या हॅटवाल्याकडे बघितलं, मग माझ्या हॅटकडे बघितलं, आणि मीच तो गाणारा असणार असं ठरवून मोठ्या आदराने मागे बोट दाखवलं. "यल्ला!" म्हणजे चल, बस.

मागे शेळ्या होत्या.

सफारी सुटात शेळ्यांच्या मध्ये उकिडवा बसून मी महोत्सवाला पोचलो. पिशवी दोन्ही हातांनी धरलेली, त्यामुळे हॅट धरायला हात मफी. त्यातल्या एका शेळीने हॅटचा काठ डाव्या कानापासून मागेपर्यंत खाल्ला. दारात तिकीट तपासणाऱ्या मडमेने माझ्याकडे, विशेषतः हॅटकडे, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, आज इथे आलेल्या हॅटींमध्ये खरी वापरातली ही एकच दिसते. मी थँक्यू म्हटलं.

आत गवताच्या गासड्या बसायला मांडलेल्या, गाडीची दोन लाकडी चाकं उगाचच टेकवून ठेवलेली, शेगड्यांवर मांसाचा धूर. चौकटीचे शर्ट घातलेले गोरे लोक घोळक्या-घोळक्याने उभे. एकट्याने हिंडण्यातली पहिली अडचण म्हणजे हातांचं काय करायचं हे कळत नाही. मी ते खिशात घातले, काढले, मागे बांधले. मग ओळखीचं कुणीतरी लांब उभं आहे असा चेहरा करून तीन वेळा मैदान ओलांडलं. तिसऱ्यांदा शेगडीवाल्याने दया येऊन मला बशीभर गोड घेवडा दिला. गोड घेवडा! कुठल्याही संस्कृतीत हा अपराध ठरावा. पण मी तो माझ्या पोळीबरोबर खाल्ला आणि खरं सांगायचं तर परत मागितला.

दुपारी नाच सुरू झाला. सगळे एका रांगेत, एकाच दिशेला तोंड करून, शाळेतल्या कवायतीसारखे. एका लठ्ठ गृहस्थाने मला ओढून रांगेत उभं केलं. रांग डावीकडे वळली तेव्हा मी उजवीकडे वळलो आणि एका भरभक्कम बाईंच्या समोर नाकाला नाक लावून उभा राहिलो. "सॉरी," मी म्हणालो. पुढच्या वळणाला पुन्हा त्याच बाई. तिसऱ्या वेळी त्यांनी मला खांद्यांना धरून गोल फिरवलं आणि गासड्यांच्या दिशेने सोडून दिलं.

मग मी गासडीवर बसून राहिलो आणि हळूहळू मजा यायला लागली. ऊन थंडीतलं, मऊ. कुंपणापलीकडे वाळवंट, आणि त्यात तेलाचे पंप एका लयीत माना डोलावत होते. ते मला एकदम घरचे वाटले. कुणाला काय आवडलं हे बघायला शेजारी कुणी नव्हतं. मला आवडत होतं, बस्स. आबा म्हणायचे त्यात तथ्य आहे हे मला त्या गासडीवर पटलं. पुढे तासाभरात मी काय करणार आहे हे माहीत नसलेला माणूस जितका सुखी असतो, तितका मी सुखी होतो.

तो म्हातारा गाणारा स्टेजमागे एका खुर्चीवर खजूर खात बसला होता. लांब, सडपातळ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी धीर करून गेलो आणि कुंपणाच्या गाण्याचं सांगितलं.

"ते गाणं?" तो म्हणाला. "ते कुणी ऐकत नाही हल्ली."

"आमचे हेड स्टोअरकीपर ऐकतात, सर. पण कुत्रं उठेपर्यंतच." मग मी सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी विचारूनच टाकलं, की कुत्रं का उठलं?

म्हाताऱ्याने खजुराची बी तळहातावर घेतली. "आत्ताच सांगितलं तर गाऊ कशाला? पुढे बस, मित्रा."

मी पुढे बसलो. अगदी पुढे, स्पीकरच्या समोर. मांडीवर टेपरेकॉर्डर. लाल आणि काळं बटण एकदम दाबलं. चाकं फिरतायत का बघितलं. इथवर आबांनी माझा सत्कार करावा असं माझं काम होतं.

म्हाताऱ्याने पहिलं गाणं घेतलं. आवाज जाड, खरबरीत, पण सूर थेट जाऊन बसणारा. मी आजूबाजूला बघितलं. लोक गप्प! कुणी खातंय, कुणी आकाशाकडे बघतंय, बाकीचे नुसते हात बांधून. एवढा थोर माणूस गातोय आणि एक 'अहाहा' नाही? मला त्याची लाज वाटली. म्हणजे त्या लोकांची. मेल्या मनाने बसलेत, म्हाताऱ्याच्या मनाला काय वाटत असेल! आणि एका वळणावर तो सुरावर असा काही रेंगाळला, की माझ्या तोंडून निघून गेलं, "अहाहा!"

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि हॅटला बोट लावलं.

झालं. त्यानंतर तीन पिढ्यांचं पुण्य माझ्या अंगात आलं. "वाहवा!" "क्या बात है!" "बहोत अच्छे!" गाण्यात सम कुठे आहे ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही, त्यामुळे एकही सुटू नये म्हणून मी प्रत्येक वळणावर दाद देत राहिलो. जिथे शब्द पुरेनात तिथे च्यक् च्यक् केलं. मागचे लोक आधी वळून बघत होते, मग हसायला लागले, मग एक-दोघांनी त्यांच्याकडची "यीहाऽ" अशी आरोळी ठोकली. म्हातारा खुलला. तो आता माझ्याकडे बघूनच गात होता.

मग त्याने गिटारवर हळू सुरुवात केली आणि मी ओळखलं. कुंपणाचं गाणं. थोरला आला, धाकटा आला, हॅट खांबावर गेली, पाखरं आली. सगळं मला कळत होतं, आबांनी शंभरदा सांगितलेलं. धूळ दिसली. कुत्रं उठलं. आणि म्हाताऱ्याने आवाज खाली आणला, इतका खाली, की गिटारही थांबली. अख्खं मैदान चूप. नुसता तो जाड सूर दिव्याच्या ज्योतीसारखा थरथरत उभा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शब्द? शब्दांकडे आमच्या घराण्यात कधीच कुणाचं लक्ष नसतं. माझा हात आपोआप वर गेला आणि मी काकांच्याही वरची पट्टी लावून ओरडलो, "वाऽऽऽ! क्या बात है! जियो बुवा, जियोऽऽ!"

गाणं संपलं तेव्हा मी अजून 'जियो'च्या शेपटावर होतो.

म्हाताऱ्याने खाली येऊन माझा हात हातात घेतला. म्हणाला, इतकी वर्षं गातोय, पण मला इतकं कुणी ऐकलं नव्हतं. आणि गाडीत बसून विमानतळाकडे गेला. मी फुगलो. परतताना बसमध्ये मला वाटत होतं की कंडक्टरलाही कळलं असेल. कॅसेट मी ऐकली नाही. पहिला मान आबांचा.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला मी हॉस्पिटलात गेलो. आबा पोटाला टाके घेऊन उताणे पडलेले. शेजारच्या खाटेवर एक बहारीनी आजोबा. मी आबांच्या उशाशी टेप लावला आणि हात बांधून उभा राहिलो, सत्काराच्या तयारीने.

आधी गिटार. मग गाणारा. मग मी. मग गाणारा. मग मी, मी, मी.

आबांनी डोळे मिटलेले होते. ते हळूच उघडले. "हे कोण बोंबलतंय?"

"दाद आहे, आबा."

"कुणाची?"

"माझी."

शेजारच्या आजोबांना मात्र ती भलतीच पसंत पडली. अरबांच्या मैफलीतही असंच चालतं म्हणे. माझी प्रत्येक 'वाहवा' आली की ते खाटेवरून हात उचलून "जेन! जेन!" म्हणजे छान, छान म्हणायचे. आबांना हसू फुटायला लागलं आणि ते दोन्ही हातांनी पोट धरायला लागले. "हसवू नका रे. टाके हायत."

मग कुंपणाचं गाणं आलं आणि आबांचं हसू गेलं. त्यांनी हात वर करून आम्हा दोघांनाही गप्प केलं. हॅट खांबावर. पाखरं. धूळ. कुत्रं उठलं. म्हाताऱ्याचा आवाज खाली, खाली, आणि त्याच्यावर धाडकन माझा 'वाऽऽऽ' आदळला. 'जियो' संपलं तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते.

आबांनी मागे फिरवून पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. एक शब्द नाही. तिथे नुसता मीच होतो.

"तू तिथं व्हतास की," आबा म्हणाले. आवाज शांत होता, त्याचीच भीती वाटत होती. "सांग. शेवटाला काय झालं?"

"आबा, सूर असा लागला होता..."

"सूर घाल चुलीत. भाऊ आला का?"

मी टेपरेकॉर्डरकडे बघितलं. या माणसाला आयुष्यात एक गोष्ट हवी होती, ती मी हातात धरून बसलो होतो, आणि तिच्यावर ओरडलो होतो.

आबांनी टेप बंद केला. मग म्हणाले, "एक सांग. तू वाहवा कवा करतोस?"

"जिवाला लागलं की."

"आणि ही सगळ्यात मोठी?"

"हो. इतकी मोठी मी आयुष्यात दिली नव्हती."

"मग झालं की." आबा उशीवर थोडे वर सरकले. "धूळ दिसली. कुत्रं उठलं. आणि तू जियो म्हणून बोंबललास. पोस्टमनला कोण जियो म्हणतंय? वाटसरूला कोण म्हणतंय? भाऊच आला असणार. दुसरं कोण येणार?"

मी तोंड उघडलं. मला खरं सांगायचं होतं, की आबा, मला एक शब्द कळला नव्हता. तो भाऊ असेल, पोस्टमन असेल, नाहीतर कुत्र्याला खरंच भूक लागली असेल. पण आबांचा चेहरा बघितला आणि तोंड मिटलं. आयुष्यात योग्य जागी गप्प बसल्याची माझी ही एकमेव नोंद.

"थोरलाच गेला असंल म्होरं," आबा स्वतःशीच म्हणाले. "कुत्रं उठल्यावर माणसानं बसून ऱ्हाऊ नये." आणि त्यांनी कॅसेट काढून स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. शेजारचे आजोबा 'अजून लावा' म्हणून खुणा करत होते.

महिन्याभरात आबा कायमचे गावी गेले. विमानतळावर सोडायला येऊ नका म्हणाले. एकटेच गेले.

पुढे दोन-तीन वर्षांनी सुट्टीवर आलो असताना मी कागलला उतरून त्यांच्या गावी गेलो. रान, रानाच्या कडेला घर, समोर पडवी. पडवीत आबा बसलेले, आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्याच नाकाचा, त्यांच्यापेक्षा थोडा काळा एक माणूस भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. दोघांच्या मध्ये तोच टेपरेकॉर्डर, आणि त्यातून तो जाड आवाज.

"ये, मुंबईकर," आबा म्हणाले. "हा माझा धाकटा. रोज येतो ऐकायला. एकटा ऐक म्हटलं तर ऐकत न्हाई."

मला फार आनंद झाला. बसलो, गूळपाणी घेतलं. गाणी चालली होती. सगळीकडे मी होतोच, पण माझा आवाज एव्हाना घासून जुना झाला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी धाकट्यांना विचारलं, "कशी वाटतात ही गाणी?"

मी कोण हे आबांनी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी शेंगेतला दाणा तोंडात टाकला, नीट चावला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "गाणं झ्याक हाय, पावणं. पर त्या गोऱ्यानं गाताना शेजारी म्हस कशाला बांधली म्हणतो मी?"